छिद्र : अर्थ आणि उपयोग

चौकशीच्या खिडकीला काच बसवण्यात आली, आणि तिला भोक ठेवायचं राहून गेलं.

एरवी काचेला नावं ठेवायला जागा नव्हती. जाड होती, स्वच्छ होती, वरच्या चौकटीपासून थेट खालच्या कठड्यापर्यंत अखंड होती. ती बसवण्यामागे कारणही तसंच सबळ होतं. एका नागरिकाने आपलं गाऱ्हाणं इतक्या तळमळीने मांडलं की त्याची तळमळ बड्या साहेबांच्या ताज्या सहीवर उडाली आणि सही पसरली. 'कचेरी आणि नागरिक यांच्यातला व्यवहार पारदर्शक व्हावा' असा ठराव त्याच दिवशी झाला. पारदर्शक वस्तूंमध्ये काच सर्वांत स्वस्त पडते. बड्या साहेबांनी फीत कापली, चार शब्द बोलले, आणि काचेच्या पलीकडे उभ्या असलेल्या नागरिकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकू आल्या नाहीत हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

काचेच्या आत चौकशीबाई बसत. त्यांना दुसरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडे. इतकी वर्षं त्या खिडकीत बसून 'दुसरा मजला', 'जोडपत्र आणा', 'साहेब बाहेर गेलेत' ही उत्तरं देता देता त्यांचा घसा पार बसला होता. त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांना काचेचा आनंद झाला. बाहेर माणसं येत, ओठ हलवत, हातवारे करत, जरा वेळ थांबत आणि बाजूला होत. मत्स्यालय बघावं तसं बाईंना वाटलं. कोण कोणाला बघायला आलंय हे मात्र दुपारपर्यंत नीट ठरेना.

दुपारनंतर त्यांचं मन खाऊ लागलं. एक बाई काचेशी उभी राहून दोन्ही हात झुलवत होती. तिला बाळाचा जन्मदाखला हवा होता की पाळणाघराचा पत्ता, की तिचं बाळ हरवलं होतं? चौकशीबाईंनी कागद घेतला, 'काय हवंय ते लिहून दाखवा' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि तो काचेला लावणार इतक्यात मागून हेडक्लार्कांचा हात आला. कचेरीत त्यांना नियमभाऊ म्हणत.

"बाई, हे काय चाललंय?"

"त्यांना ऐकू जात नाही भाऊ, म्हणून लिहून विचारतेय."

"लिहून? म्हणजे लेखी?" नियमभाऊंनी कागद अलगद काढून घेतला. "लेखी उत्तराला साहेबांची सही लागते. आणि त्यांनी लिहून दाखवलं तर तो अर्ज झाला. अर्ज आवक विभागात द्यायचा असतो."

"मग त्यांना आवक विभागात पाठवू?"

"पाठवा की. फक्त आवक विभाग कुठे आहे हे त्यांना चौकशीच्या खिडकीत विचारावं लागेल."

बाईंनी काचेकडे पाहिलं. बाळाची बाई अजून हात झुलवत होती.

"भाऊ, मग काचेला एक भोक तरी पाडून द्या."

नियमभाऊंनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "बाई, ही काच सरकारी दप्तरी 'अखंड' म्हणून चढली आहे. तिला भोक पाडणं म्हणजे सरकारी मालमत्तेचं नुकसान. आणि भोक हा शब्द तरी कुठल्या परिशिष्टात आहे? मी साहेबांपुढे भोक घेऊन जाऊ?"

शेवटी प्रस्ताव गेला. त्यात भोकाची जागा कोरी ठेवली होती, आणि तिथे कोणता शब्द घालावा हे ठरवण्यासाठी तो भाषा अधिकाऱ्यांकडे धाडण्यात आला.

भाषा अधिकाऱ्यांची खोली बोळाच्या टोकाला, झाडूंच्या खोलीशेजारी होती. त्यांच्याकडे आजवर कोणीही काही विचारायला गेलं नव्हतं. जे गेले ते झाडू मागायला. त्यामुळे प्रस्ताव हाती पडताच त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी शब्दकोश खाली काढले, धूळ झटकली आणि आठवडाभर दार लावून घेतलं. बाहेर आले ते दाढी वाढवून आणि एक टिपण घेऊन.

टिपणाचं शीर्षक 'छिद्र : अर्थ आणि उपयोग' असं होतं. त्यात म्हटलं होतं की नेढं हे सुईचं असतं, बीळ उंदराचं, रंध्र कातडीचं. खिंडार शत्रू पाडतो आणि भगदाड वर्तमानपत्रं पाडतात, सबब हे दोन्ही शब्द कचेरीला वर्ज्य. भोक हा शब्द रांगडा असून त्यातून भोकाड निघतं; चौकशीच्या खिडकीला भोक दिल्यास नागरिक तिथे भोकाड पसरतील ही भीती रास्त आहे. राहता राहिला छिद्र. हा शब्द संस्कृत आहे, नम्र आहे, कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. अर्थ : अतिसूक्ष्म भोक. उपयोग : ज्यातून जाण्यासारखं फार काही नसतं अशा ठिकाणी.

बड्या साहेबांना टिपण फार आवडलं. शेवटचं वाक्य तर त्यांनी दोनदा वाचून घेतलं. छिद्र मंजूर झालं.

काचेचा कारागीर आला तेव्हा चौकशीबाई हातातला चहा टाकून उठल्या. "दादा, चांगलं मुठीएवढं पाडा हं."

कारागिराने खिशातून हुकूम काढून दाखवला. "ताई, इथे अतिसूक्ष्म लिहिलंय. मुठीएवढं पाडलं तर माझं बिल कोण पास करेल?" आणि त्याने सर्वांत बारीक पातं लावून, श्वास रोखून, जेमतेम सुई जाईल एवढं छिद्र पाडलं. ते बरोबर बाईंच्या कानाच्या उंचीवर होतं. बाई खुर्चीत बसत असल्यामुळे बाहेरच्या माणसाच्या ते पोटाच्या उंचीवर आलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक नागरिक कमरेत वाकून प्रश्न विचारू लागला. बड्या साहेबांनी वरच्या मजल्यावरून ते पाहिलं आणि त्यांना भरून आलं. 'नागरिकांमधील नम्रता लक्षणीयरीत्या वाढली आहे,' असं त्यांनी अहवालात नोंदवलं.

अडचण एवढीच होती की छिद्राला एका वेळी एकतर तोंड लावता येई नाहीतर कान. माणूस तोंड लावून प्रश्न सोडायचा आणि चपळाईने मान वळवून कान लावायचा. तेवढ्यात बाईंनीही कान काढून तोंड लावलेलं असलं पाहिजे. कधी दोन्हीकडून तोंडं येत, कधी दोन्हीकडून कान, आणि मग काचेच्या दोन बाजूंना दोन माणसं एकमेकांची शांतता मन लावून ऐकत बसत. शिवाय तोंड लावलं की काचेवर वाफ धरे आणि माणूस दिसेनासा होई. उरे तो डासाच्या गुणगुणीएवढा आवाज आणि त्या माणसाने सकाळी काय खाल्लं असेल याचा वास.

तरीही काम चालत होतं. बाईंनी मानेला तेल लावलं, हळूहळू सराव झाला. तेवढ्यात तपासनीस आले.

तपासनिसांनी छिद्रात डोळा घालून पाहिलं आणि विचारलं, "यातून प्रश्न आत येतो?"

"हो," बाई म्हणाल्या.

"आणि उत्तरही यातूनच बाहेर जातं?"

"दुसरीकडून कुठून जाणार, साहेब?"

"म्हणजे मंजूर छिद्र एक, आणि वाहतूक दुहेरी!" तपासनीस मटकन खुर्चीत बसले. आपल्या नोकरीत त्यांनी असा गैरवापर पाहिला नव्हता.

दुसरं छिद्र पाडावं असं बाईंनी सुचवलं, पण दुसऱ्या छिद्राला दुसरं टिपण लागलं असतं, आणि भाषा अधिकारी पहिल्या टिपणाचा शीण घालवायला हवापालटाला गेले होते. म्हणून नियमभाऊंनी तोड काढली. एक दिवस प्रश्नांचा, पुढचा दिवस उत्तरांचा. प्रश्नाच्या दिवशी रांगेतला पहिला माणूस जे विचारेल त्याचं उत्तर उत्तराच्या दिवशी रांगेतल्या पहिल्याला. दुसऱ्याचं दुसऱ्याला.

"पण भाऊ, उत्तराच्या दिवशी पहिला माणूस दुसराच कोणी असला तर?"

"बाई, तुम्ही भावनेच्या आहारी जाता. उत्तर क्रमांकाचं असतं. माणसाचं नसतं."

आणि गंमत अशी की कोणी कुरकुर केली नाही. कुरकुर करायची तर ती प्रश्नाच्या दिवशी करावी लागे, आणि त्या कुरकुरीचं उत्तर दुसऱ्याच कोणाला तरी मिळे. ज्याने नळजोडणीबद्दल विचारलं होतं त्याला कुत्र्याला लस टोचून आणायला सांगितलं गेलं. त्याच्याकडे कुत्रा नव्हता. त्याने शेजाऱ्याचा नेला. लग्नाच्या नोंदीसाठी आलेल्या जोडप्याला 'मूळ मालक वारला असल्यास वारसांना आणा' असं उत्तर मिळालं. दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिली आणि मग हातात हात घालून निघून गेली. लोक म्हणत, "कचेरीने सांगितलंय म्हणजे त्यात काहीतरी असणारच." नुसतं असणारच असं नाही, तर जितकं कमी कळे तितकं जास्त असणार, अशी त्यांची खात्री होती.

घरी बाईंच्या सासूबाई भाजी निवडत बसलेल्या असत. सुनेची वाकडी झालेली मान त्या रोज बघत होत्या. एके संध्याकाळी त्यांना राहवलं नाही.

"अगं, एवढंसं भोक आहे तर त्यात एक सळई घाल आणि दे फिरवून. मोठं होईल."

"सासूबाई, ते भोक नाही. छिद्र आहे."

"फरक काय?"

"भोक आपण पाडतो. छिद्र मंजूर होतं."

सासूबाईंनी देठ मोडला. "आणि तू त्यातून जे सांगतेस ते बरोबर माणसाला जातं का गं?"

बाई उठून हातपाय धुवायला गेल्या. त्यांना त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं उत्तर त्या माणसालाच द्यायची सवय आता मोडत चालली होती.

मग तो विटेचा दिवस उजाडला.

उत्तराचा दिवस होता. बाई खाली मान घालून उत्तरं सोडत होत्या, आणि अचानक काचेपलीकडे गडबड उडाली. त्यांनी वर पाहिलं तर एक म्हातारे गृहस्थ, स्वच्छ सदरा, गळ्यात मफलर, दोन्ही हातांत लालभडक वीट धरून उभे. वीट ते काचेच्या अगदी जवळ आणत होते. मागे लोक पांगले. रखवालदाराने शिट्टी फुंकली. नियमभाऊ टेबलाखाली गेले आणि तिथून ओरडले, "काच फोडतोय! पारदर्शकता वाचवा!"

पण म्हातारेबुवा काच फोडत नव्हते. ते ती वीट छिद्राला लावून बघत होते. एका बाजूने लावली, मग उभी करून कोपऱ्याने लावली, आणि ती जाईना तेव्हा त्यांनी बाईंकडे असं अपराधी हसून पाहिलं, जणू वीट मोठी आणली हा त्यांचाच दोष होता.

रखवालदाराने त्यांचे दंड धरले. त्यांचे ओठ हलत होते. काच मधे असल्यामुळे बाईंना एक अक्षर कळत नव्हतं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते न कळणं त्यांना सहन होईना. खिडकीशेजारी कर्मचाऱ्यांसाठी एक दार होतं. त्याला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. बाईंनी कडी काढली आणि त्या बाहेर आल्या.

"सोडा हो त्यांना," त्या रखवालदाराला म्हणाल्या. आपला स्वतःचा आवाज त्यांना केवढा तरी मोठा वाटला. "आजोबा, काय झालं? ही वीट कशाला?"

"पुरावा म्हणून आणली, बाई," आजोबा म्हणाले. "तुम्ही म्हणालात ना, पूर्वेची भिंत पाडून या. पाडली. म्हटलं, नुसत्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून एक वीट बरोबर घेतली."

"मी म्हणाले? कुठली भिंत?"

"आमच्या स्वयंपाकघराची. माझ्याच्याने तोडवेना, पण हिनेही हात लावला. आता ही रस्त्यावरून दिसते चुलीशी बसलेली. येणारे-जाणारे विचारतात, आज काय बेत? पण कचेरीचं काम म्हटल्यावर एवढं व्हायचंच."

"आजोबा, तुम्ही मुळात विचारलं काय होतं?"

"घराच्या नोंदीत हिचं नाव घालायचं होतं." आजोबांनी वीट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "मी आता पिकलं पान. उद्या मला काही झालं तर हिला कोणी बाहेर काढू नये, एवढंच. मला वाटलं, त्याला भिंत कशाला पाडायला लागते? पण तुम्ही शिकलेली माणसं."

ते उत्तर एका कंत्राटदाराचं होतं. त्याने अर्धा रस्ता अडवून भिंत बांधली होती, आणि ती पाडायची की ठेवायची हे विचारायला तो आला होता. त्याला आजोबांचं उत्तर मिळालं होतं, 'बायकोला घेऊन या'. तो बायकोला घेऊन आला होता, दोघांनी नवे कपडे घातले होते, काचेसमोर उभं राहून फोटोही काढून घेतला होता, आणि भिंत तशीच ठेवून समाधानाने घरी गेली होती.

बाईंनी आजोबांच्या काखेतली वीट काढून घेतली आणि खाली ठेवली. "आत या. आत्ताच्या आत्ता करून देते."

"आत?" आजोबा दाराकडे बघत राहिले. "इथून जाता येतं?"

"कडीच तर आहे."

त्यांनी उंबऱ्यात पाऊल टाकलं मात्र, रांगेतून आरोळी उठली.

"ओ आजोबा! रांगेत या!"

"आम्ही काय वेडे म्हणून वाकून उभे आहोत का?" हातात भली मोठी पिशवी असलेली एक बाई पुढे आली. "सकाळपासून कमरेचा काटा ढिला झालाय इथे."

चौकशीबाईंना हायसं वाटलं. कोणीतरी बोललं तर. त्या दारातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्हीही या ना. सगळे या. एकेकाने समोर बसा, काय हवंय ते सांगा, ज्याचं उत्तर त्याला देते."

कोणी हललं नाही.

"आणि रांगेचं काय?" पहिल्या क्रमांकावरच्या गृहस्थांनी विचारलं. "मी पहाटे येऊन पहिला नंबर लावलाय. दारातून गेलं तर मी कितवा?"

"दाराला नंबर नाही हो."

"तेच तर म्हणतो!"

"शिवाय बाई," पिशवीवाल्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "दारातून मिळालेलं उत्तर उद्या कोणी मानलं नाही म्हणजे? छिद्रातून आलेलं कसं, पक्कं असतं."

"पण ते तुमचं नसतं!"

"नसू दे. पक्कं तर असतं ना?"

मागून एक तरुण म्हणाला की तो गेले कित्येक दिवस घरी आरशासमोर वाकून छिद्राला नेमका कान लावण्याचा सराव करतोय. आता दार उघडायचं तर ती मेहनत पाण्यातच गेली म्हणायची. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी बाईंना खुर्ची दाखवली. "बसा बाई तुमच्या जागेवर. उगाच उशीर नको."

बाईंनी आजोबांना हाताला धरून आत नेलं आणि दार लोटून घेतलं. घराच्या नोंदीत आजींचं नाव चढायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. घर आजींच्याही नावावर झालं तेव्हा त्या घराला तीन भिंती होत्या.

बडे साहेब हे सगळं वरून बघत होते. छिद्राला जनतेचा एवढा भरघोस पाठिंबा पाहून त्यांना गहिवरून आलं. बाईंना ज्ञापन मिळालं : 'विनापरवाना श्रवण केल्याबद्दल खुलासा करावा.' दार काढून तिथेही काच बसवण्यात आली. तिला छिद्र पाडलं नाही, कारण ते पाडलं तर लोक दोन रांगांमध्ये विभागले जातील आणि समाजात फूट पडेल, असं हवापालटाहून परतलेल्या भाषा अधिकाऱ्यांचं मत पडलं. कर्मचारी तेव्हापासून मागच्या खिडकीतून चढून येतात.

बाई खुलासा लिहून पुन्हा काचेमागे बसल्या. करणार काय? पण ती वीट त्यांच्या मनातून जाईना. कचेरी सुटली की त्या घरी जाण्याआधी आजोबांकडे जाऊ लागल्या. भिंत बांधून द्यायची ऐपत नव्हती. निदान आजींना हातभार लावावा, शेंगा सोलाव्यात, बोलत बसावं. जिथे भिंत होती तिथे त्या स्टूल टाकून बसत. रस्ता अगदी पायाशी होता.

"उजेड छान येतो हो मात्र," आजी म्हणायच्या. त्यांनी एकदाही बोल लावला नाही, आणि त्यामुळे बाईंना जास्तच बोचे.

एक दिवस रस्त्याने जाणारा एक माणूस थबकला. "अहो, तुम्ही त्या काचेतल्या ना? नळजोडणीला काय लागतं हो?"

बाईंनी सांगितलं. त्याने ऐकलं. तो 'बरं' म्हणून निघून गेला, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या नळाला पाणी आलं.

मग काय, संध्याकाळी लोक येऊ लागले. ज्यांनी कचेरीच्या दारातून पाऊल टाकलं नव्हतं तेच इथे रस्त्यात उभे राहून बोलत. कोणी वाकत नव्हतं. प्रश्न विचारला की तिथल्या तिथे उत्तर मिळे, आणि तेही त्याच माणसाला. बाळाची बाईही आली. बाळ सापडलेलं होतं. म्हणजे ते हरवलंच नव्हतं, दाखलाच हवा होता. मधल्या काळात ते चालायला लागलं होतं. एका संध्याकाळी स्वतः भाषा अधिकारी आले, पडक्या भिंतीकडे चष्म्यावरून पाहून म्हणाले, "याला भगदाड म्हणतात," आणि मग हळूच विचारलं, "माझ्या बढतीच्या कागदाचं काय झालं असेल हो?" बाईंनी तेही सांगितलं. आजी सगळ्यांना पाणी देत. बाईंचा घसा पुन्हा बसला, पण मान सरळ झाली. सासूबाईंनी तेवढ्यावरून सगळं ओळखलं.

गर्दी वाढली तशी रांग लागली. ती कोणी लावली नव्हती. एक माणूस उभा होता, दुसरा त्याच्या मागे राहिला, झालं. मग रांगेत कोणीतरी मधे घुसलं आणि बाचाबाची झाली. मग कोणी म्हणालं, इथे कोणीही येतो आणि काहीही विचारतो, याला काही शिस्त? पिशवीवाल्या बाईंचं म्हणणं पडलं की चौकशीबाईंसारखी जाणती बाई अशी उघड्यावर, शेंगा सोलत, हाक मारील त्याला उत्तर देते, यात तिचाच मान राहत नाही. आणि इतक्या सहज मिळालेलं उत्तर घरी नेलं तर नवराही मानत नाही. लोकांना ते पटलं. त्यांनी आपापसात काहीतरी ठरवलं. बाई आल्या की ते गप्प होत आणि एकमेकांकडे बघून हसत.

आणि एका संध्याकाळी बाई आजींच्या शेजारी बसलेल्या असताना रस्त्यावरून वाजतगाजत माणसं आली. खांद्यांवर केवढी तरी मोठी काच होती. कचेरीने पाठवली नव्हती. लोकांनीच वर्गणी काढली होती.

"बाई, तुमच्यासाठी!" पहिला नंबर लावणारे गृहस्थ गहिवरून म्हणाले. "आम्हा गरिबांकडून. नाही म्हणू नका."

"अहो, पण कशाला? मला नीट ऐकू येतंय!"

"तुम्ही बसा हो. तुम्हाला काही करायचं नाही."

बघता बघता काच उभी राहिली, चुन्याने पक्की झाली. बाई धावत काचेशी गेल्या आणि तिच्यावर दोन्ही हात आपटले. "छिद्र! छिद्र कुठाय?"

पलीकडे लोकांनी त्यांचे हात हलताना पाहिले, ओठ हलताना पाहिले, आणि आनंदाने टाळ्या वाजवल्या.

आजोबा मात्र मनापासून खूश झाले. त्यांनी काचेवर बोटाने टकटक करून पाहिलं. "चला, भिंत झाली एकदाची." आजींनाही हायसं वाटलं, इतके महिने सगळ्या रस्त्याच्या डोळ्यांसमोर चुलीशी बसून त्या कंटाळल्या होत्या. त्यांनी पेटीतून एक जुनं जाड लुगडं काढलं आणि काचेला आतून पडदा लावून टाकला. मग त्या तिघांनी आत बसून निवांत चहा घेतला.

रांग तिथे अजून लागते. कचेरीपेक्षा मोठी लागते, असं ऐकतो. लोक पडद्यासमोर येतात, कमरेत वाकतात, आपलं म्हणणं सांगतात, जरा वेळ थांबतात आणि समाधानाने घरी जातात. तुम्ही गेलात तर रांग डाव्या हाताने आहे. नंबर पहाटेच लावा, आणि कृपा करून 'मी फक्त एवढंच विचारतो' म्हणून मधे घुसू नका.